दुसरं मूल दत्तक घ्यायचंय? 'होम स्टडी'ची मॅडम घरी येण्याआधी ही तयारी करा

सोयाबीनची रास झाली, पैसे हातात आले आणि औसा तालुक्यातल्या एका शेतकरी जोडप्यानं दुसऱ्या मुलासाठी दत्तकाचा अर्ज ऑनलाइन भरला. त्यांच्या घरात सहा वर्षांची मुलगी आहे. तीही दत्तकच, दहा महिन्यांची असताना घरी आलेली. एकदा हे सगळं करून झालेलं असल्यानं नवरा-बायको निश्चिंत होते. कागदं कुठली लागतात ते माहीत होतं. घराला रंग दिला, न्हाणीघराला फरशी बसवली, मॅडमसाठी फरसाण आणून ठेवलं.

मॅडम आल्या. रंगाकडे त्यांनी बघितलंही नाही. चहा घेतला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "पोरीला सांगितलंय का?"

"हो, बाळ येणार म्हणून सांगितलंय की."

"ते नाही. ती स्वतः दत्तक आहे हे तिला सांगितलंय का?"

घरात कोणीच बोललं नाही. आजी उठून आत गेल्या.

दत्तक मुलाची आणि कुटुंबाची ओळख जाहीर करायला कायद्यानं मनाई आहे. म्हणून इथं या कुटुंबाचं आणि गावाचं नाव दिलेलं नाही. पण त्यांच्या घरात जे झालं ते दुसरं मूल दत्तक घेऊ पाहणाऱ्या कुठल्याही घरात होऊ शकतं. पहिल्या वेळी घरात विचारायला लहान मूल नसतं. दुसऱ्या वेळी असतं, आणि त्याला विचारावंच लागतं.

होम स्टडी म्हणजे नेमकं काय?

देशात दत्तकाचं काम 'कारा' म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण बघतं. 2015 चा बाल न्याय कायदा आणि त्याखालची 2022 ची दत्तक नियमावली सध्या लागू आहे. 'कारा'च्या पोर्टलवर नोंदणी केली की 30 दिवसांत कागदपत्रं चढवायची असतात. त्यानंतर विशेष दत्तक संस्थेची किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाची सामाजिक कार्यकर्ती तुमच्या घरी येते, सगळ्यांशी बोलते आणि अहवाल तयार करते. त्यालाच होम स्टडी म्हणतात, सरकारी भाषेत गृह अध्ययन अहवाल. कागदपत्रं पूर्ण झाल्यापासून 60 दिवसांत तो व्हायला पाहिजे. अहवाल 3 वर्षं चालतो. तोपर्यंत मूल मिळालं नाही तर त्याचं नूतनीकरण करावं लागतं.

पहिल्या मुलाच्या वेळची जुनी होम स्टडी दुसऱ्याला चालत नाही. नोंदणी नव्यानं, कागदं नव्यानं, घरभेट नव्यानं. कारण घर तेच असलं तरी माणसं बदललेली असतात. वय वाढलेलं असतं, कर्ज वाढलेलं किंवा फिटलेलं असतं, एखादं म्हातारं माणूस गेलेलं असतं. आणि घरात एक मूल वाढत असतं.

आधी बघा, तुम्ही बसता का?

फॉर्म भरण्याआधी कागद-पेन घेऊन हे तपासा:

- लग्नाला किमान 2 वर्षं झालेली असावीत आणि नवरा-बायको दोघांची संमती पाहिजे.
- दोघांच्या वयाची बेरीज करा. 2 वर्षांपर्यंतचं मूल हवं असेल तर बेरीज 85 च्या आत पाहिजे. 2 ते 4 वर्षांच्या मुलासाठी 90, 4 ते 8 साठी 100 आणि 8 ते 18 साठी 110. वय नोंदणीच्या तारखेचं धरतात.
- मुलाच्या आणि आई-बापाच्या वयात किमान 25 वर्षांचं अंतर लागतं.
- एकटी बाई मुलगा किंवा मुलगी कोणालाही दत्तक घेऊ शकते. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. एकट्यासाठी वयाची मर्यादा वरच्या क्रमानं 40, 45, 50 आणि 55 अशी आहे.
- घरात आधीच दोन किंवा जास्त मुलं असतील तर फक्त विशेष गरजा असलेल्या किंवा ज्यांना लवकर घर मिळत नाही अशा मुलांसाठी विचार होतो. नात्यातलं किंवा सावत्र मूल याला अपवाद आहे. घरात एकच मूल असेल तर ही अडचण नाही.

उदाहरण घ्या. नवरा 46 चा आणि बायको 41 ची असेल तर बेरीज 87 होते. म्हणजे तान्हं बाळ मिळणार नाही, पण 2 ते 4 वर्षांच्या मुलासाठी नाव लागू शकतं. "दोन-तीन वर्षांनी बघू" म्हणत बसलं तर ही बेरीज दरवर्षी दोननं वाढते हे लक्षात ठेवा.

'मुलगी असताना दुसरी मुलगी घेता येत नाही' हे खरं का?

गावात हे हमखास ऐकायला मिळतं. त्यात अर्धंच खरं आहे. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्यात तशी अट आहे. मुलगा, नातू किंवा पणतू हयात असेल तर मुलगा दत्तक घेता येत नाही, आणि मुलीच्या बाबतीतही तसंच. पण 'कारा'च्या मार्गानं होणारं दत्तक बाल न्याय कायद्याखाली होतं. त्यात ही अट नाही. दोन मुली असोत की दोन मुलगे, चालतं. हा कायदा सगळ्या धर्मांच्या लोकांना खुला आहे. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही धर्म कुठलाही असला तरी या कायद्यानं दत्तक घेता येतं हे मान्य केलं आहे.

कागदं: शेतकऱ्याची अडचण कुठं होते?

लागणारी मुख्य कागदं अशी: कुटुंबाचा फोटो, दोघांचे पॅन कार्ड, जन्मतारखेचा पुरावा, राहण्याचा पुरावा, उत्पन्नाचा पुरावा, लग्नाचा दाखला, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, ओळखीच्या किंवा नात्यातल्या दोघांची शिफारसपत्रं आणि घरातलं मूल पाच वर्षांपेक्षा मोठं असेल तर त्याची संमती.

पगारदाराकडं पगारपत्रक असतं, शेतकऱ्याकडं नसतं. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला चालतो. तो सेवा केंद्रातून काढता येतो. लग्नाची नोंद राहून गेली असेल तर आधी ग्रामपंचायतीत ती करून घ्या. फोटो आणि लग्नपत्रिका शोधण्यापासून तयारी असते, त्यामुळे हे काम शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

सगळ्यात जास्त अडकतं ते नावात. आधारवर एक नाव, पॅनवर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं आडनाव. फॉर्म भरण्याआधी सगळी कागदं शेजारी शेजारी मांडून अक्षर न् अक्षर जुळवा. पहिलं मूल दत्तक असेल तर त्याच्या दत्तक आदेशाची आणि नव्या जन्मदाखल्याची प्रतही फाइलला लावून ठेवा. 2022 च्या आधीचे आदेश कोर्टाचे असतील. 1 सप्टेंबर 2022 पासून हे अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडं, म्हणजे आपल्या कलेक्टरांकडं आले आहेत.

डॉक्टरांच्या प्रमाणपत्राबाबत लपवाछपवी करू नका. जिवावर बेतणारा आजार नसावा अशी अट आहे. गोळ्या घेऊन आटोक्यात असलेल्या बीपी-शुगरची गोष्ट वेगळी. पण लपवलेला आजार नंतर उघड झाला तर प्रश्न आजाराचा राहत नाही, विश्वासाचा होतो.

मॅडम घरात काय बघतात?

घर स्लॅबचंच पाहिजे, स्वतःचंच पाहिजे असा नियम नाही. पत्र्याचं घर आहे म्हणून कोणी नापास करत नाही. किमान इतकी एकर जमीन किंवा इतकं उत्पन्न पाहिजे असा आकडाही नियमात नाही. मूल सांभाळण्याची ऐपत आहे का, एवढं बघतात. पीककर्ज आहे म्हणून घाबरू नका. कर्ज किती, हप्ता कुठून भरता, पाऊस गेला तर काय करता, हे सरळ सांगता आलं पाहिजे. सातबारा, आठ-अ, बँकेचं पासबुक, दुधाचा हिशेब असं जे असेल ते समोर ठेवा.

शेतकऱ्याच्या घरात एक गोष्ट मात्र आवर्जून तपासा. मुलाला धोका होईल असं काय काय पडलेलं आहे?

- फवारणीची औषधं आणि उंदराचं औषध कुलपात ठेवा. थंडपेयाच्या बाटलीत औषध काढून ठेवायची सवय आजच मोडा.
- विहिरीला कठडा नसेल, हौद उघडा असेल तर झाकण्याची सोय करा.
- मोटारीच्या स्टार्टरच्या उघड्या वायरी बंद पेटीत घ्या.
- विळा, कोयता, कडबाकुट्टी लेकरांच्या हाताला लागणार नाही असं बघा.

हे मॅडमसाठी करायचं नसून येणाऱ्या लेकरासाठी करायचं आहे. आणि जे लेकरू आधीच घरात खेळतंय त्याच्यासाठीही.

कोणते प्रश्न येतात?

नवरा-बायकोशी एकत्र बोलतात, वेगवेगळंही बोलतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी, मुलाशी बोलतात. प्रश्न साधारण असे असतात:

दुसरं मूल का हवं आहे? "पहिलीला सोबत पाहिजे" हे उत्तर बहुतेक जण देतात. ते चुकीचं नाही, पण पुरेसंही नाही. दुसरं मूल पहिल्याचं खेळणं म्हणून येत नाही. ते स्वतःसाठी येतं, हे आई-बापाला कळलं आहे का, ते बघितलं जातं.

मूल सावळं असलं, अशक्त असलं, उशिरा बोलायला लागलं तर? पोर्टलवर मुलगा की मुलगी आणि कुठल्या वयाचं हे सांगता येतं. जात निवडायची सोय तिथं नाही. घरात कोणाच्या मनात तो प्रश्न असेल तर तो आधीच बोलून मोकळा करा.

तुम्हा दोघांना काही झालं तर मुलांना कोण बघणार? इथं नुसतं "भाऊ आहे की" म्हणून भागत नाही. त्या भावाला आणि भावजयीला विचारलेलं असावं.

दोन्ही मुलांचा हक्क सारखा राहील ना? कायद्यात याचं उत्तर स्पष्ट आहे. दत्तकाचा आदेश लागू झाल्या दिवसापासून ते मूल सगळ्या बाबतीत तुमचंच मूल होतं. वारसा हक्कातही. सातबाऱ्यावर वारस लावताना पोटचं आणि दत्तक असा भेद करता येत नाही.

औशाच्या त्या घरात आजींचा अडसर इथंच होता. "चार एकर रान. आधीच एकीचा वाटा. आता आणि एक. भावकी काय म्हणेल?" मॅडमनी त्यांच्याशी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "आजी, पोटचे दोन असते तर?" आजी म्हणाल्या, "तर काय, दोन वाटे झाले असते." आणि स्वतःशीच थांबल्या.

घरातल्या म्हाताऱ्यांना "मॅडम आल्या की फक्त हो म्हणा" असं पढवू नका. शंका असणं गुन्हा नाही. शंका दाबून ठेवली तर ती पुढं मुलाच्या अंगावर निघते.

घरातल्या मुलाला काय सांगायचं?

होम स्टडीचं खरं काम हे आहे आणि सगळ्यात जास्त राहून जातं ते हेच. पाच वर्षांवरच्या मुलाची संमती लागते म्हणून कोणी कोणी कागदावर नाव काढून घेतात आणि पोराला दोन वाक्यं पाठ करून देतात. मॅडम अंगणात बसून गप्पा मारायला लागल्या की पाठ केलेलं दोन मिनिटांत संपतं.

त्या सहा वर्षांच्या मुलीचंही तसंच झालं. "मला भाऊ पायजे" हे एका दमात म्हणून झाल्यावर तिनं विचारलं, "बाळ आलं की मला आजीजवळ झोपायला मिळणार नाही ना?" शेजारच्या एका बाईनं तिला गमतीत सांगितलं होतं, आता तुझे लाड संपले म्हणून. मोठ्यांची थट्टा तिनं महिनाभर मनात धरून ठेवली होती.

मॅडमनी त्या दिवशी अहवाल पुरा केला नाही. तीन आठवड्यांनी परत येते म्हणाल्या. जाताना आई-बापाला सांगितलं, "गावाला माहीत आहे, भावकीला माहीत आहे, उद्या शाळेत कोणीतरी बोलेल. ते तिनं तुमच्याकडून ऐकावं. बाळ आणायला जाल तेव्हा ती विचारेल, बाळ इथून का आणायचं? तेव्हा काय सांगणार?"

आठ दिवस नवरा-बायकोचं यावरून बिनसलं. तो म्हणायचा, मोठी झाल्यावर सांगू. ती म्हणायची, मोठी झाल्यावर तिला राग येईल. शेवटी एका रात्री लाइट गेलेली असताना आईनंच विषय काढला. फार काही सांगितलं नाही. तू माझ्या पोटातून आली नाहीस, तुला एका बाईनं जन्म दिला, तिला सांभाळता येत नव्हतं. तू संस्थेत होतीस. आम्ही गाडी करून तुला आणायला आलो. आजीनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मग तुला आत घेतलं. सगळं गाव बघायला आलं होतं.

मुलीनं दोन-तीनदा तेच परत सांगायला लावलं. गाडी कुठल्या रंगाची होती ते विचारलं. सकाळी शाळेत गेली. दोन दिवस गप्प होती, आजीच्या मागं मागं फिरत होती. आई-बाप घाबरले होते. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "मग आता बाळ आणायला मी पण येणार. आजीनं भाकर ओवाळायची, मी पाणी."

सगळ्याच घरात इतक्या लवकर निभावत नाही. कोणी रडतं, कोणी अंथरूण ओलं करायला लागतं, कोणी रागानं बोलत नाही. अशा वेळी मुलाला वेळ द्या आणि सामाजिक कार्यकर्तीला खरं सांगा. सांगण्यासाठी सोपे शब्द वापरा. "तुला टाकून दिलं होतं", "आम्ही तुझ्यावर उपकार केले" असं चुकूनही बोलू नका. पहिलं मूल पोटचं असलं तरी त्याला खरं सांगा. येणारं भावंडं कुठून येणार, ते लगेच हसेल-खेळेल असं नाही, सुरुवातीला ते रडेल आणि आई जास्त वेळ त्याच्याजवळ असेल, हे आधी सांगितलेलं बरं.

होम स्टडीनंतर काय?

अहवाल पोर्टलवर चढतो. अपात्र ठरवलं तर कारण नोंदवावं लागतं आणि त्याविरुद्ध दाद मागता येते. पात्र ठरलात की नोंदणीच्या तारखेप्रमाणं नंबर लागतो. नोंदणी केलेली कुटुंबं खूप आणि दत्तकासाठी मोकळी असलेली मुलं कमी, म्हणून बऱ्याच जणांना तीन वर्षांपेक्षाही जास्त थांबावं लागतं. मधल्या काळात मोबाइल नंबर बदलला, पत्ता बदलला, घरात काही मोठं घडलं तर लगेच कळवा.

नंबर आला की मुलाची माहिती, फोटो आणि वैद्यकीय अहवाल दिसतो. 48 तासांत ते मूल राखून ठेवायचं असतं. हा मेसेज फवारणीच्या किंवा लग्नाच्या धांदलीत हुकवू नका. त्यानंतर संस्थेत जाऊन मूल भेटायचं, कागदं पूर्ण करून होकार द्यायचा, यासाठी 30 दिवस मिळतात. होकारानंतर मूल आधी सांभाळायला घरी देतात आणि कलेक्टर कार्यालयाकडं आदेशासाठी अर्ज जातो. मूल घरी सांभाळायला दिल्यापासून दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी, मूल कसं आहे ते बघायला भेट होते.

नोटरीच्या कागदावर मूल घेऊ नका

"दवाखान्यात एक बाळ आहे, शंभराच्या बाँडवर लिहून देतात" असं सांगणारे लोक तालुक्या-तालुक्यात भेटतात. तसं मूल घेणं आणि देणं दोन्ही गुन्हा आहे. कायद्याची रीत सोडून मूल दिलं-घेतलं तर 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मुलाची खरेदी-विक्री असेल तर शिक्षा त्याहून मोठी. त्यापेक्षा वाईट म्हणजे चार-पाच वर्षं सांभाळलेलं मूल एका दिवसात घरातून जाऊ शकतं. सोडून दिलेलं बाळ दिसलं तर 1098 या नंबरला फोन करा. पुढचं काम बाल कल्याण समिती बघते.

दत्तकाचं शुल्कही नियमात ठरवून दिलेलं आहे. ते अधिकृत मार्गानंच भरा आणि पावती घ्या. नंबर पुढं घेतो म्हणून कोणी पैसे मागितले तर तो फसवतोय हे समजा. नंबर पोर्टलवर लागतो, कोणाच्या ओळखीनं लागत नाही.

माहितीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयातल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा. फॉर्म स्वतः भरता येत नसेल तर तिथं मदत मिळते.

औशाच्या त्या घरी मॅडम दुसऱ्यांदा आल्या तेव्हा औषधांची पेटी कुलपात होती आणि हौदावर झाकण होतं. मुलीनं त्यांना हाताला धरून आजीची खाट दाखवली. एका बाजूला ती झोपणार, दुसरी बाजू बाळाची, असं आजीनं ठरवून दिलं होतं. अहवाल पोर्टलवर चढला आहे. आता नंबरची वाट बघायची.